फोल्जर आवृत्तीतलं 'रोमिओ अँड ज्युलिएट' : बरेच महिने वापरल्यावर

आधी वस्तूची ओळख. वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर लायब्ररीच्या मालिकेतलं हे छोटंसं पेपरबॅक. संपादक बार्बरा मोवॅट आणि पॉल वर्स्टीन, पहिल्यांदा आलं १९९२ साली. उजव्या पानावर नाटक, डाव्या पानावर त्याच ओळींच्या टिपा. प्रत्येक प्रवेशाआधी थोडक्यात कथासार, मधूनमधून जुन्या ग्रंथांतली चित्रं, सुरुवातीला शेक्सपिअरची भाषा कशी वाचावी यावर एक प्रकरण आणि शेवटी गेल कर्न पॅस्टर यांचा निबंध. नाटकाची नुसती संहिता फोल्जरच्या संकेतस्थळावर फुकट मिळते. म्हणजे पैसे मोजायचे ते डाव्या पानासाठी.

आमचा एक हौशी अभिवाचनाचा गट आहे. वाचन मूळ इंग्रजीतून, भांडणं मराठीतून. पावसाळ्याच्या तोंडावर ही प्रत घेतली, आता उन्हं तापायला लागलीत आणि पानांच्या कडा पेन्सिलीनं भरल्यात. परीक्षेसाठी वाचणाऱ्यांना माझा अनुभव कितपत कामाला येईल माहीत नाही. मोठ्यानं वाचणाऱ्यांना नक्की येईल.

मांडणीबद्दल आधी बोलते, कारण रोज हाताला लागते ती तीच. बऱ्याच अभ्यासू आवृत्त्यांमध्ये टिपा पानाच्या तळाशी असतात आणि वर चढत चढत नाटकाच्या पाच-सात ओळीच शिल्लक ठेवतात. वाचताना डोळा खाली गेला की लय तुटली. इथे उजवं पान मोकळं राहतं. अडलं तर डावीकडे एक नजर, नाही तर सरळ पुढे. सुरुवातीचं भाषेवरचं प्रकरणही वगळू नका. त्यातला शब्दांचा भाग ठीकठाक आहे, पण वाक्यरचनेचा आणि संवादातच दडलेल्या हालचाली ओळखण्याचा भाग वाचनाला थेट उपयोगी पडतो. कोण गुडघे टेकतं, कोण कुणाचा हात धरतं, हे शेक्सपिअर बहुतेक वेळा कंसात न सांगता दुसऱ्या पात्राच्या तोंडून सांगतो.

टिपा अर्थ देतात, आणि चोख देतात. माणूस मात्र अर्थात नसतो, बोलण्याच्या घडणीत असतो, आणि ती घडण टिपेत मावत नाही. या नाटकात तर प्रत्येकाची ओळख तो कुणाची भाषा उसनी घेतो आणि ती कधी टाकून देतो यावर ठरते.

रोमिओचंच बघा. पहिल्या प्रवेशात तो रोझलाइनच्या प्रेमात झुरतोय. शिशाचं पीस, उजळ धूर, थंड आग, आजारी आरोग्य, अशी विरोधाभासांची रांगच लावतो. आमच्यातला इंजिनिअरिंगचा एक मुलगा रोमिओ वाचतो. त्यानं हे अगदी जीव ओतून वाचलं आणि सगळे कंटाळले. प्रत्येक शब्द कळला होता, तरी प्रसंग पडला. मग लक्षात आलं की हे रोमिओचं बोलणंच नव्हे. १५९०च्या दशकात लंडनमध्ये इटालियन कवी पेट्रार्कच्या थाटाच्या सॉनेटांची, म्हणजे चौदा ओळींच्या प्रेमकवितांची, लाट होती. त्या कवितांमधला प्रियकर असाच गोठतो आणि असाच जळतो. रोमिओनं ती पोज उचललीय. रोझलाइन नाटकात एकदाही रंगमंचावर येत नाही, तिची गरजच नाही. पुढच्या वेळी त्या मुलानं तेच भाषण स्वतःच्या शब्दांवर खूश असलेल्या पोराच्या सुरात वाचलं. रोमिओचा भाऊबंद बेन्व्होलिओ वाचणारीला हसू आवरेना, आणि बेन्व्होलिओला तिथे हसू यायलाच हवं.

ज्युलिएटचा बाप कॅप्युलेट याच्या घरच्या समारंभात रोमिओ-ज्युलिएटची पहिली भेट होते, तो संवाद मिळून एक चौदा ओळींचं सॉनेट होतं. चार ओळी त्याच्या, चार तिच्या, मग वाटून घेतलेल्या आणि शेवटच्या यमकावर चुंबन. छापील पानावर हे दिसत नाही, कारण ओळी दोन नावांखाली विखुरलेल्या असतात. यमक कानानंच पकडावं लागतं. तो यात्रेकरू होतो, ती संत. त्यानं काढलेली प्रतिमा ती त्याच्यावरच उलटवते, त्याच्या यमकाला यमक देते, आणि दुसऱ्या चुंबनानंतर म्हणते की तू अगदी पुस्तकाबरहुकूम चुंबन घेतोस. या ओळीत कौतुक किती आणि चिमटा किती, यावर आमची एक अख्खी सकाळ गेली. मला चिमटाच जास्त वाटतो. पहिल्याच भेटीत हिला कळलंय की हा मुलगा पाठ केलेलं बोलतो.

म्हणून तर बागेतल्या प्रवेशात ती त्याला चंद्राची शपथ घेऊ देत नाही. (बाल्कनी हा शब्द नाटकात कुठेच नाही. खिडकी आहे, बाग आहे, भिंत आहे.) चंद्र दर महिन्याला बदलतो, त्याची कसली शपथ, असं ती म्हणते. मग हे सगळं फार घाईचं, फार अविचाराचं, फार अचानक होतंय, हेही तीच बोलून दाखवते. आणि त्यानंतर लग्नाचा विचार असेल तर उद्या निरोप धाड, माणूस मी पाठवते, किती वाजता पाठवू, हेही तीच विचारते. नऊ वाजता, असं ठरतं. त्या प्रवेशात रोमिओ पंख, तारे, समुद्र यांच्यावर बोलत असतो आणि ज्युलिएट उद्याची वेळ ठरवत असते. आमच्याकडे ज्युलिएट वाचते ती बारावीतली मुलगी. तिनं पहिल्यांदा हा भाग गोड, लाजरा वाचला. नऊ वाजताच्या ओळीला पोचली तशी थांबली आणि म्हणाली, "ही तर याच्यापेक्षा हुशार आहे." डाव्या पानावर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

ज्युलिएटचं वय अजून चौदाही नाही. ३१ जुलैच्या रात्री तिला चौदा पूर्ण होतील, हे तिला लहानाची मोठी केलेली दाई सांगते. आर्थर ब्रूकच्या १५६२ सालच्या ज्या दीर्घकाव्यावरून शेक्सपिअरनं कथा घेतली, त्यात मुलगी सोळाच्या आसपासची आहे आणि प्रकरण कित्येक महिने चालतं. शेक्सपिअरनं वय उतरवलं आणि काळ रविवार सकाळ ते गुरुवार पहाट एवढ्यात कोंबला. ही घाई सगळ्यांच्या बोलण्यात उतरते. कॅप्युलेट लग्नाचा वार काढतो ते ऐका. आज सोमवार, बुधवार फार लवकर, गुरुवार ठेवू. आणि मग स्वतःच तो बुधवारवर आणतो. बापाच्या लहरीनं लग्न एक दिवस अलीकडे ओढलं जातं आणि फ्रायर लॉरेन्स या धर्मगुरूच्या, ज्युलिएटला औषधानं मेल्यासारखं भासवण्याच्या योजनेतला सगळा अवकाश संपतो.

दाईबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे, कारण टिपा तिला सगळ्यात कमी न्याय देतात. तिचं पहिलं लांबलचक भाषण जुन्या छापील प्रतींमध्ये गद्यासारखं सलग छापलेलं होतं. आजचे संपादक ते पद्याच्या ओळींत मोडून देतात, इथेही तसंच. अकरा वर्षांपूर्वीचा भूकंप, अंगावरचं दूध तोडायला लावलेला कडू दवणा, कबुतरखान्याच्या भिंतीपाशी उन्हात बसणं, नवऱ्याचा चावट विनोद. हे सगळं ती एका दमात सांगते आणि मालकिणीनं गप्प केलं तरी तोच विनोद पुन्हा सांगते. टिपा दवणा म्हणजे काय ते सांगतात. पण त्या बडबडीत एक ओळ निसटून जाते, सुझनची. सुझन ही तिची स्वतःची मुलगी, ज्युलिएटच्याच वयाची, आता देवाघरी गेलेली. ती गेली म्हणून ते दूध ज्युलिएटला मिळालं असावं. दाई ही ओळ रडून म्हणत नाही, त्याच सुरात म्हणून पुढे जाते. वाचणारी तिथे क्षणभरही थांबली, तर दाईचा स्वभाव बिघडतो. थांबायचं ते ऐकणाऱ्यानं.

हे कळलं की तिसऱ्या अंकातला तिचा सल्ला जास्त लागतो. रोमिओ हद्दपार झालाय, बाप पॅरिस नावाच्या सरदाराशी लग्न लावायला निघालाय, आणि दाई म्हणते की पॅरिसशीच कर, त्याच्यापुढे रोमिओ म्हणजे फडकं. दाईला माणसं अदलाबदल करता येतात, तिनं आयुष्यभर तेच केलंय. ज्युलिएट यावर म्हणते, तू माझं फार छान सांत्वन केलंस. आमच्या ज्युलिएटनं ते इतकं थंड वाचलं की दाई वाचणाऱ्या बाईंनी पुस्तकातून मान वर करून बघितलं.

त्याच प्रवेशात थोडं आधी ज्युलिएट आईशी बोलते, तो या आवृत्तीचा सगळ्यात चांगला वापर. आईला वाटतं की मुलगी तिचा मामेभाऊ टिबल्ट याच्या खुन्याला, म्हणजे रोमिओला, शाप देतेय. प्रत्यक्षात प्रत्येक ओळ नवऱ्यावरच्या प्रेमाची आहे. 'मेलेला' हा शब्द ओळीत अशा ठिकाणी बसवलाय की तो मागच्या रोमिओला लागतो की पुढच्या काळजाला, हे श्वास कुठे घेता यावर ठरतं. ही दुहेरी रचना नुसत्या कानाला पहिल्या वाचनात कळत नाही. डावं पान इथे खरंच हात देतं. कॅप्युलेटच्या शिव्यांचंही तेच. पहिल्या अंकात 'तिची संमती महत्त्वाची, माझी इच्छा त्यातला एक भाग' असं म्हणणारा बाप इथे तिला मढं काय म्हणतो, चरबीतोंडी काय म्हणतो, आणि शेवटी रस्त्यावर भीक मागून मर म्हणतो. आमच्यात बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, एरवी अत्यंत सभ्य. टिपा वाचून त्यांनी या शिव्या इतक्या चवीनं दिल्या की शेजारून विचारणा झाली.

रोमिओचा मित्र मर्क्युशिओ याच्या बाबतीत मात्र मी या पुस्तकावर नाराज आहे. त्याच्या कोट्यांमध्ये बऱ्याचदा चावट अर्थ आहे एवढं सूचित करून टिपा पुढे सरकतात. घरात सगळ्या वयाची माणसं बसलेली असताना हे सोयीचं खरं, पण मर्क्युशिओ हा चावटपणाशिवाय उभाच राहत नाही. प्रेमातलं सगळं उदात्त बोलणं तो शरीरावर आणून आपटतो, म्हणून तो रोमिओच्या शेजारी लागतो. मरतानाही कोटीच करतो. उद्या माझी चौकशी करा, मी 'गंभीर' माणूस झालेला असेन, यात थडगं दडलेलं आहे. दोन्ही घराण्यांना दिलेला शाप त्याच्या तोंडून कोट्यांच्या मधूनच निघतो आणि पुन्हा पुन्हा निघतो. त्यानंतर नाटकात मोकळं हसू जवळजवळ संपतं.

पाठभेदांसाठी हे पुस्तक सामान्य वाचकाला पुरेसं आहे. नाटकाचा एक तोकडा पाठ १५९७ साली छापला गेला, मोठा १५९९ साली. संपादकांनी मोठा पाठ धरलाय आणि त्याहून वेगळं काही घेतलं तिथे छोट्या कंसांची खूण केलीय. त्यामुळे गुलाबाची जगप्रसिद्ध ओळ इथे लोकांना तोंडपाठ असते तशी नाही. 'दुसऱ्या कुठल्याही नावानं' ऐवजी 'दुसऱ्या कुठल्याही शब्दानं' आहे, कारण १५९९च्या प्रतीत तसंच आहे. पहिल्या दिवशी निम्म्या गटाला ही छपाईची चूक वाटली. ओळींचे क्रमांकही इतर आवृत्त्यांशी जुळत नाहीत, तेव्हा गटात सगळ्यांकडे एकच आवृत्ती असू द्या.

रंगमंचावर करणाऱ्यांनी १५९७च्या पाठातल्या सूचना वेगळ्या मिळवून वाचाव्यात, मजा येते. ज्युलिएट जराशी घाईनं येते आणि रोमिओला मिठी मारते. रोमिओ स्वतःला भोसकायला जातो आणि दाई खंजीर हिसकावून घेते. ज्युलिएट मेली असं समजून घरचे सगळे एकदम आक्रोश करतात आणि हात चोळतात. तो आक्रोश वाचताना आम्हाला नेहमी अवघडल्यासारखं होतं. दुःखी, दुःखी, दुःखी दिवस, अशी नुसती आवर्तनं. इथेही उसनीच भाषा, फक्त आता ती मोठ्यांच्या तोंडी. याच्या शेजारी पाचव्या अंकातला रोमिओ ठेवा. बायको गेल्याची बातमी ऐकून तो एकच ओळ बोलतो, नशिबाला धुडकावतो आणि लगेच कागद, शाई, घोडे मागवतो. पहिल्या अंकातला तो बोलघेवडा मुलगा चार दिवसांत इथे पोचलेला असतो.

पॅस्टर यांचा निबंध आधी वाचू नका, स्वतःची मतं झाल्यावर वाचा.

आमच्यात अजून मिटलेलं नाही ते शेवटच्या फ्रायरच्या भाषणाचं. मी थोडक्यात सांगतो, असं म्हणून तो जवळपास चाळीस ओळी बोलतो, आणि सांगतो काय, तर प्रेक्षकांनी नुकतंच पाहिलेलं सगळं. प्रयोगांमध्ये याला कात्री लागते. काकांचं म्हणणं, आपणही लावू. माझं म्हणणं, दोन्ही घरच्या मोठ्यांना यातलं काहीही माहीत नाही, आणि कोटी नाही, यमक नाही, शपथ नाही, असं सरळ हकिगतीसारखं बोलणं या नाटकात इतका वेळ कुणीच केलेलं नाही. सध्या भाषण पूर्ण वाचायचं ठरलंय. 'थोडक्यात' या शब्दावर लोक हसले तर हसू द्यायचं, ही काकांची अट आहे, आणि ती मला मान्य आहे.