लंडनची लाल बस: कंडक्टर सोडून सगळं आहे

पंचवीस वर्षं कराड-उंब्रज एसटीने शाळेत शिकवायला गेलेल्या बाईला बस शिकवायची काय? मुलगा म्हणाला, "आई, एकदा माझ्याबरोबर ये, मग एकटी जा." मी ऐकलं नाही. हॅरोच्या घराजवळच्या थांब्यावर बाकावर नीट बसून राहिले आणि 183 नंबरची गाडी माझ्यासमोरून निघून गेली. थांब्यावर मी एकटी, आणि तिथे तीन-चार नंबरच्या गाड्या येतात. मी दुसऱ्या बसची वाट बघतेय असं ड्रायव्हरला वाटलं असणार. हात करायचा असतो! "हात दाखवा, बस थांबवा" हे आपल्या एसटीचं वाक्य मी लंडनमध्ये येऊन विसरले.

पुढची पकडली, ती उलट्या बाजूची. मला किंग्जबरीला जायचं होतं, मेथी आणि कढीपत्ता आणायला. उतरले पिनरला. चूक माझीच. थांब्याच्या खांबावर नाव असतं, वर एक इंग्रजी अक्षर असतं आणि गाडी कुठल्या दिशेला जाणार तेही लिहिलेलं असतं. एकाच नावाचे दोन थांबे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असतात, म्हणून नावापेक्षा अक्षर पाठ करावं. आता मी नंबर बघते, मग कपाळावरची पाटी बघते. गोल्डर्स ग्रीन लिहिलं असेल तर ती किंग्जबरीवरून जाणारी, म्हणजे माझी, पिनर असेल तर खुशाल जाऊ दे.

पैशांचं आधी सांगते, कारण तिथेच आपली माणसं अडतात. 2014 पासून या बसमध्ये रोख पैसे चालतच नाहीत. पुढच्या दाराने चढायचं, ड्रायव्हरजवळच्या पिवळ्या गोलावर ऑयस्टर कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं इथलं प्रवासाचं कार्ड) किंवा बँकेचं कार्ड टेकवायचं, टुंग झालं की आत. माणशी एक कार्ड. आमच्या ह्यांचं आणि माझं मिळून एकच टेकवायचा प्रयत्न मी करून पाहिला, जमत नाही. उतरताना मात्र टेकवायचं नाही. ट्यूबमध्ये, म्हणजे इथल्या भुयारी रेल्वेत, चढताना-उतरताना दोन्हीकडे टेकवायचं असतं, तीच सवय घेऊन मी एकदा गर्दीतून वाट काढत पुढे गेले, तर ड्रायव्हर काचेआडून हात हलवून "नको, नको" करत होता.

भाडं 1.75 पौंड, म्हणजे जवळजवळ दोनशे रुपये. दोन थांबे जा नाहीतर शेवटपर्यंत जा, तेवढेच. आपल्याकडे 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे पहिल्यांदा ऐकून छातीत धस्स झालं. इथे साठीच्या पुढच्यांना सवलतीचं कार्ड मिळतं, पण ते लंडनमध्ये राहणाऱ्यांना. आमच्यासारख्या पाहुण्यांना पूर्ण भाडं. पण एक गंमत आहे. पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाच्या आत कितीही बस बदला, पुन्हा पैसे कापत नाहीत. शेवटच्या बसमध्ये चढताना तास संपलेला नसला की झालं. परतीची बससुद्धा त्यात धरतात. त्यामुळे माझी भाजीखरेदी म्हणजे शर्यतच असते. दहा-पाचला कार्ड टेकवलं, साडेदहाला किंग्जबरी, मेथीच्या दोन जुड्या, भेंडी नुसती बघायची (भाव ऐकून ठेवून द्यायची), आणि अकरा-पाचच्या आत परत गाडीत. दोनदा जमलं, एकदा कोथिंबीर निवडण्यात तास हुकला.

गाडीची तारीफ करायलाच हवी. माझे गुडघे बघता एसटीची पायरी हल्ली डोंगरासारखी वाटते. इथे थांब्यावर गाडी फुटपाथच्या बाजूला चक्क खाली झुकते. बसच बसते म्हणायचं! चाकाच्या खुर्चीसाठी मधल्या दारातून फळी बाहेर येते आणि आत खुर्चीची जागा राखलेली आहे. बाळाच्या गाडीपेक्षा तिचा मान आधी. पुढचा थांबा कोणता ते बाईचा आवाज सांगतो, पडद्यावरही लिहून येतं. कान आणि डोळे यांपैकी एक चालू असलं तरी भागतं. उतरायचं असेल तर खांबावरचं लाल बटण दाबायचं. एकदाच. पडद्यावर थांबणार असल्याचं आलं असेल तर कुणीतरी आधीच दाबलंय. मी तरीही दाबते. वरच्या मजल्यावर सगळ्यात पुढची जागा मिळाली तर सोडू नका, फक्त भाजीच्या पिशव्या घेऊन जिना चढू नका.

पाचपैकी चार गुण. एक गुण कंडक्टरचा कापला. सिंगल बेलला थांबणारी आणि डबल बेलला निघणारी गाडी, "सुट्टे द्या मावशी", आणि "उंब्रज आलं की सांगा हो" एवढं बोललं की डोळे मिटायची सोय, हे इथे नाही. तिकीटही हातात येत नाही. घड्याळाच्या पट्ट्यात तिकीट खोचायची माझी सवय आहे, बोटं अजून तिथे जातात.

पुढच्या महिन्यात परत निघायचं आहे. कार्डावर साडेसहा पौंड उरलेत. ते बुडत नाहीत म्हणे, म्हणून कार्ड पर्सच्या चेनच्या कप्प्यात ठेवलंय. मुलगा म्हणतो, परत करून पैसे घेऊ. मी देणार नाही.