ब्रेकच्या पॅडलला नवं रबर होतं, तिथंच कळायला हवं होतं

५,८५,०००. एका जुन्या पिकअपला मी इतके रुपये मोजले आणि फसलो. आकडा आधीच लिहून टाकतो, नाहीतर लिहिता लिहिता मीच तो कमी करीन. घरी पहिल्यांदा ५,४०,००० सांगितला होता. वरचे ४५,००० कुठून आणले ते बायकोला अजून नीट माहीत नाही. हे वाचलं तर आज कळेल.

मी अकरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्यात. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, तुळजापूर, जिथून कांदा निघेल तिथून भरायचा आणि सोलापूरच्या मार्केट यार्डात उजाडायच्या आत लावायचा. गाडीचा आवाज ऐकून कुठला बेरिंग गेलाय ते सांगतो मी. म्हणून "बिचारा, अडाणी असेल" असं कुणी म्हणू नका. अडाणी असतो तर एखादा जाणकार बरोबर नेला असता आणि वाचलो असतो. मला वाटलं मीच जाणकार.

जानेवारी २०२५. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा सुरू होती. हायवेला एका ऑटो कन्सल्टंटच्या, म्हणजे जुन्या गाड्यांच्या दलालाच्या प्लॉटवर पिकअप उभी होती, २०२० चं मॉडेल, बीएस सिक्स, पांढरी. नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे, आणि तो माणूस बोर्ड बदलायला फार वेळ लावत नाही असं नंतर कळलं. मीटरवर ७१,४०० किलोमीटर. "मालक, पहिला मालक शिक्षक आहे. सुट्टीच्या दिवशीच काढायचा गाडी." सुट्टीच्या दिवशी पिकअप चालवणारा शिक्षक! आता लिहिताना हसू येतं, तेव्हा मी मान डोलावली होती.

केबिनमध्ये बसलो. क्लच, ब्रेक, ॲक्सिलेटर, तिन्ही पॅडलला कोरं करकरीत रबर. खाचा इतक्या ताज्या की बोटाला पांढरी पावडर लागली. आणि गिअरच्या दांड्याची मूठ? तिच्यावरचे एक-दोन-तीन-चार आकडे पार पुसलेले, साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झालेली मूठ. स्टिअरिंगही तसंच चकाकत होतं. सत्तर हजाराला मूठ अशी होत नाही. अशा दोन-तीन मुठी मी माझ्या हाताने झिजवल्यात, दीड-दोन लाख किलोमीटर लागतात. हे सगळं मला माहीत होतं, माझा हात त्या मुठीवर होता, आणि तोंडातून निघालं काय तर, "किती जपलीय हो गाडी!"

रात्री झोप येत नाही तेव्हा हेच वाक्य कानात वाजतं. फसवणाऱ्याला काही बोलावंच लागलं नाही. त्याचं कौतुक मीच केलं.

दुसरी खूण त्याहून मोठी. समोरचा कप्पा उघडला तर सर्व्हिस बुक नव्हतं, पण कंपनीच्या लोगोचं एक पत्र होतं, चौघडी घातलेलं. मी उघडायला लागलो तोच त्याने हळूच हातातून घेतलं. "जाहिराती हो मालक, कंपन्या पाठवत बसतात." आणि ते पत्र त्याने शर्टाच्या खिशात ठेवलं. जाहिरातीचा कागद माणूस बाहेर भिरकावतो, खिशात ठेवत नाही. एवढं साधं.

माझा नेहमीचा मिस्त्री त्या आठवड्यात उरूसाला गेला होता, नाहीतर त्याला नेलंच असतं. इंजिनही मी पोचायच्या आधीच गरम करून ठेवलेलं. जुनी गाडी बघायला गेलात की आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर चहाला जा आणि न सांगता दुसऱ्या दिवशी सकाळी सातला परत या. गार इंजिन पहिल्या फटक्यात कसं उठतं, धूर कुठल्या रंगाचा येतो, ते तेव्हाच दिसतं.

हिशोब असा. टोकन २५,०००. रोख १,६०,००० ("दोन लाखाच्या आत ठेवू, काही भानगड नको"), पावती नाही. फायनान्स ४,००,०००, ४८ हप्ते, महिना १०,९३१. एजंटाचे ८,०००, नावावर करायचे ११,५००. फायनान्सचा पोरगा येऊन चार बाजूंनी चार फोटो काढून गेला आणि गाडीची किंमत त्याने ५,६०,००० लावली. मला वाटलं, फायनान्स कंपनी आंधळी थोडीच असेल? तर आंधळीच असते. तिला हप्त्याशी मतलब, गाडीशी नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर करारनामा झाला, त्यात किंमत लिहिली ४,२५,००० आणि खाली एक ओळ, "गाडी जशी आहे तशी पसंत करून घेतली आहे." वाचली मी ती ओळ. सगळेच लिहितात म्हणाला. सही केली.

एक महिना गाडी बरी चालली. फेब्रुवारीत तुळजापूरकडून २६ पिशव्या कांदा भरून येत होतो, शेजारी शेतकऱ्याचा पोरगा. घाट उतरताना दुसऱ्या वळणावर ब्रेकवर पाय ठेवला तर पॅडल दगड. खाली जातच नाही. दोन्ही पायांनी उभा राहिलो अक्षरशः. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढत ओढत गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. डावी बाजू खरवडली, चार पिशव्या फुटल्या, आम्ही वाचलो. पोरगं खाली उतरलं, कांदे गोळा करायला मदत केली आणि म्हणालं, "काका, मी एसटीनं येतो."

मिस्त्रीने बॉनेटखाली टॉर्च मारली. इंजिनकडून ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूमची पाईप जाते, ती सांध्याला चिरलेली. व्हॅक्यूम मिळाला नाही की बूस्टर मेला, मग ब्रेक लागतो तो फक्त माणसाच्या पायाच्या जोरावर. पण मला खरं शहारलं ते वेगळ्याच गोष्टीने. त्या चिरेवर काळी टेप गुंडाळलेली होती, आणि सगळीकडे तेलकट धूळ असताना टेप मात्र स्वच्छ. म्हणजे विकायच्या आधी कुणीतरी ती चीर बघितली होती. मिस्त्री म्हणाला, "काय बे, ब्रेक असा बघतेत का? इंजिन बंद करायचं, पॅडल चार-पाच वेळा मारायचं, पाय दाबून ठेवायचा आणि चावी मारायची. पॅडल थोडं खाली बसलं तर बूस्टर जिवंत." अकरा वर्षं गाडी चालवली आणि हे मला पिकअप घेताना सुचलं नाही. अर्ध्या मिनिटाचं काम. बूस्टर, पाईप, मजुरी मिळून १४,३०० गेले.

त्याच्याच सांगण्यावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलीने चेसिस नंबर टाकला, सतरा अक्षरं-आकडे, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. शेवटची नोंद ऑगस्ट २०२३, किलोमीटर १,४६,२१२. त्याच्या खाली लाल अक्षरात, रिकॉल बाकी. काम? ब्रेक बूस्टरची व्हॅक्यूम पाईप बदलणे. खर्च शून्य. पहिल्या मालकाला पत्रं गेली होती, मेसेज गेले होते. ते खिशात गेलेलं पत्र.

रिकॉल म्हणजे काही लाजिरवाणी गोष्ट नाही, उलट ती चांगल्या कंपनीची खूण. महिंद्राने २०२१ मध्ये २९,८७८ पिकअप एक फ्लुइड पाईप तपासून बदलायला परत बोलावल्या होत्या, जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ मध्ये बनलेल्या. माझी गाडी त्या कंपनीची नाही, पण रीत सगळीकडे एकच. कंपनी दोष मान्य करते, फुकट पार्ट टाकून देते, मालकाने फक्त गाडी न्यायची असते. न नेणारा मालक आणि ते लपवणारा दलाल, हे दोघं मधे आले की फुकटचा पार्ट जिवावर उठतो. रिकॉल गाडीच्या चेसिस नंबरला चिकटलेला असतो, माणसाला नाही. दुसऱ्या, तिसऱ्या मालकालाही तो फुकटच. म्हणून टोकन द्यायच्या आधी, परत लिहितो, आधी, चेसिस नंबर घेऊन त्या कंपनीच्या कुठल्याही सेंटरला जा. पुष्कळ कंपन्यांच्या साइटवरही नंबर टाकून बघता येतं. विकणारा नंबर द्यायला कां-कूं करत असेल तर तिथून सरळ घरी.

पण माझं काम होईना. सेंटरच्या सिस्टीममध्ये अजून जुन्या मालकाचा मोबाईल. ओटीपी त्याला जाणार. तो फोन उचलत नाही. मी आरसी दाखवली, आधार दाखवलं. "सर, सिस्टीम घेत नाही." चौथ्या फेरीला नंबर बदलला, मग "पार्ट मागवावा लागेल", मग २१ दिवस गाडी दारात. बाहेर खर्च झालेले १४,३०० परत? "बाहेरचं काम आम्ही धरत नाही." हेल्पलाइनवर गाण्याची धून इतकी ऐकली की पोरं घरात गुणगुणायला लागली.

पोलीस ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी करारनामा वाचला, "जशी आहे तशी" वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सही तुमचीच ना? हे दिवाणी आहे, कोर्टात जा." म्हटलं साहेब, मीटर मागं केलंय, ब्रेक टेप लावून विकलाय, माणूस मेला असता. "मेला का?" असं विचारलं त्यांनी. शब्दशः. शेवटी एक एनसी, म्हणजे अदखलपात्र नोंद, लिहून घेतली, त्यात माझं आडनाव चुकवलं. वाहनांच्या कार्यालयात गेलो तर तिथली खिडकी म्हणाली मीटर आमचा विषय नाही, त्या खिडकीने दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं, दुसरी जेवायला गेलेली. जेवण झाल्यावर कळलं की अर्ज ऑनलाइन करायचा असतो. ऑनलाइन केला, पंधरा दिवसांनी "निकाली" असा मेसेज आला. काय निकाली? कुणाचा निकाल? ज्या गाडीचा मीटर ७५,००० किलोमीटर मागे गेलाय तिला फिटनेसचा कागद मिळालेला आहे, चकचकीत. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉलचं कलम आलं, १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे, कंपनीने सरकारचं ऐकलं नाही तर एक कोटीपर्यंत दंड. कंपनीला एक कोटी. आणि कंपनीचं पत्र खिशात घालणाऱ्याला? त्याच्यासाठी खिडकीच नाही. जुन्या गाड्यांच्या डीलरला आता नोंदणीकृत असावं लागतं, तोही नियम १ एप्रिल २०२३ पासून आहे. माझ्यावाल्याकडे तो दाखला होता का, हे मी विचारलं नाही. तुम्ही विचारा. भिंतीवर लावलेला हवा, "करायला टाकलाय" नको.

हे सगळं होईपर्यंत गाडीने बाकीचं दाखवलंच. केबिनमागे चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, चीर, तिच्यावर जाडजूड काळं अंडरकोटिंग. ओव्हरलोड मारलेल्या पिकअपचं हे नेहमीचं दुखणं, आधी स्प्रिंगचे पाटे तुटतात आणि मग हीच फ्रेम. पट्टी मारून वेल्डिंग २२,५००. इंजेक्टर आणि टर्बो ३८,६००. जुन्या मालकाच्या वेळचे ई-चलन ९,५००, तेही नावावर होण्याआधी कुणी बघितलं नाही. आधीचे ब्रेकचे १४,३०० धरून एकूण ८४,९००, कमिशन आणि कागदांचे १९,५०० धरून १,०४,४००. शिवाय ३५ दिवस गाडी उभी, हप्ता मात्र चालू. पाच वर्षांच्या गाडीखाली ताजं काळं डांबर दिसलं की नाण्याने खरवडा. विकणारा ओरडेल. ओरडू दे.

कन्सल्टंटकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा चहा पाजला. दुसऱ्यांदा म्हणाला, "मालक, जुनी गाडी आहे, कुरकुर तर करणारच की." तिसऱ्यांदा पोरगं बाहेर आलं, शेठ पुण्याला गेलेत. शेठची चप्पल दारात.

१९१५ ला फोन केला, ग्राहक हेल्पलाइन. तिथे निदान माणसाने नीट ऐकलं आणि जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता सांगितला. गाडी धंद्याची आहे म्हणून ग्राहक धरणार नाहीत अशी भीती घालणारे भेटतील, पण स्वतः चालवून स्वतःचं पोट भरणाऱ्याला कायदा ग्राहकच मानतो. दोन वर्षांच्या आत दाखल करा. मी केलं, वकिलाचे १२,०००. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि माझ्या कागदावर किंमत ४,२५,००० आहे, त्यामुळे फी शून्य. रोख दिलेले १,६०,००० कुठेच नाहीत, एवढी एक सवलत मात्र त्यांच्यामुळे मिळाली. माझ्या वकिलांनाही हसू आवरलं नाही.

पुढची तारीख मिळाली आहे. सेंटरचा छापील सर्व्हिस इतिहास जोडलाय, टेप लावलेल्या पाईपचा फोटो जोडलाय, मिस्त्रीने ती पाईप फेकली नव्हती म्हणून. बदललेला जुना पार्ट मिस्त्रीकडून मागून घेत जा, भंगारात पाच रुपये येतात पण आयोगापुढे तोच बोलतो.

आणि चेसिस नंबर आरसीवरून उतरवू नका, गाडीवरचा वाचा, दोन्ही जुळवा. माझ्या गाडीत तो उजव्या पुढच्या चाकाजवळ फ्रेमवर कोरलाय, वर ग्रीस आणि चिखलाचा थर. मोबाईलच्या उजेडात आठ आणि तीन सारखेच दिसतात. टॉर्च न्या, आणि एक फडकं न्या.