एकाच आवाजातलं पुस्तक की ऑडिओ ड्रामा? ठाणे–तुर्भे प्रवासात ठरलेलं मत

ऑडिओबुक ऐकायला सुरुवात करायची म्हटलं की बहुतेक जण मला पुस्तकाचं नाव विचारतात. अद्भुतकथा घेऊ, विज्ञानकथा घेऊ की काहीतरी विनोदी? मला वाटतं त्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते. एकाच माणसाने सलग वाचलेलं पुस्तक घ्यायचं, की दहा-बारा कलाकार, पार्श्वसंगीत, तलवारींचा खणखणाट असा पूर्ण थाट असलेला ऑडिओ ड्रामा? हल्ली एकाच गोष्टीची दोन्ही रूपं मिळतात, आणि नवीन माणूस साहजिकच ड्रामाकडे वळतो. मीही वळलो होतो. आज माझ्या फोनमध्ये अभिवाचनंच, म्हणजे एका आवाजातली पुस्तकंच, जास्त आहेत.

माझं ऐकणं कुठे होतं तेही सांगतो, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे. सकाळी कासारवडवलीहून टीएमटीची बस, ठाणे स्टेशनाबाहेरच्या सॅटिस या उंचावरच्या बसतळावर उतरून खाली ट्रान्स हार्बर लोकलच्या फलाटावर, तिथून तुर्भे. संध्याकाळी हेच उलटं. एका वेळचा सव्वा तास सहज जातो. बसमध्ये घोडबंदर रोडचे हॉर्न, गाडीत रुळांचा खडखडाट आणि पंख्यांची घरघर. घोषणा ऐकू यावी म्हणून एक कान मी मोकळाच ठेवतो. तुम्ही रात्री दिवा मालवून, शांत खोलीत दोन्ही कानांनी ऐकणार असाल, तर माझं पुढचं म्हणणं निम्म्याने कमी धरा.

ड्रामावर माझा मुळात राग नाही. आमच्या घरात रेडिओ ऐकला जायचा. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’मधल्या टेकाडे भावोजींची आठवण निघाली की आईचा चेहरा आजही उजळतो. त्या नभोनाट्यांमध्ये आवाज मोजके असायचे. दार वाजलं की एकदाच वाजायचं आणि पुढचं काम माणसांच्या बोलण्यावर सोपवलेलं असायचं. त्याच ओढीने मी पहिलं सबस्क्रिप्शन घेतलं आणि एक मोठी अद्भुतकथा निवडली. राज्य, शाप, हरवलेला वारस, सगळं होतं. कलाकार उत्तम होते, हे आजही म्हणेन.

सातव्या भागात म्हातारा गुरू मरणाच्या दारात असतो आणि शिष्याच्या कानात फितुराचं नाव सांगतो. कलाकाराने ते कुजबुजत म्हटलं होतं. मागे पाऊस पडत होता, वर एक बासरी होती. गाडी ऐरोली सोडून रबाळ्याकडे निघाली होती आणि मला फक्त श्वास ऐकू आला. मी आवाज शेवटच्या रेघेपर्यंत वाढवला. नाव तरीही निसटलं, आणि आवाज कमी करायच्या आत पुढचा प्रसंग सुरू झाला. किल्ल्याचं दार फुटतं, नगारे, रणशिंग, शंभर माणसांची आरोळी. मी इअरफोन खेचून काढला, तेव्हा शेजारच्या मुलानेही वळून पाहिलं. त्याच्यापर्यंत नगारा पोचला होता. अर्धा मिनिट मागे गेलो, तोवर घणसोलीची घोषणा. पुन्हा मागे. कोपरखैरणेपर्यंत चार वेळा तोच पाऊस ऐकला. ते नाव मला रात्री जेवणं झाल्यावर, स्वयंपाकघराचं दार लावून घेतल्यावर कळलं. गोष्टीची पुढची सगळी गाठ त्याच एका नावात होती.

असं एकदाच झालं असतं तर विसरलो असतो. पण त्यानंतर मी लक्ष ठेवलं, तर ठाण्याहून तुर्भ्याला पोचेपर्यंत माझा अंगठा आवाजाच्या बटणावरून हलतच नव्हता. संवाद आला की वर, संगीत आलं की खाली. गोष्ट ऐकताना हात कशात तरी गुंतलेला असला की मन गोष्टीत उतरत नाही. माझा निर्णय या एका कटकटीने केला. बाकीची कारणं मला नंतर सापडली.

एकट्या निवेदकाच्या वाचनात हा त्रास का होत नाही, हेही पुढे कळलं. ऑडिबल या ऑडिओबुक कंपनीसाठी पुस्तकं रेकॉर्ड करणाऱ्यांना एसीएक्स ही त्या कंपनीचीच यंत्रणा नियम घालून देते. सरासरी आवाज उणे 23 ते उणे 18 डेसिबल यांच्यामध्येच हवा, आणि सर्वांत मोठा आवाजही उणे 3च्या वर जाता कामा नये (शून्य ही रेकॉर्डिंगची कमाल पातळी). म्हणजे निवेदक कुजबुजला तरी ती कुजबूज सहसा ऐकू येण्याइतकी मोठी असते. ड्रामाला मात्र कुजबूज आणि नगारा यांच्यातलं अंतर हवंच असतं, त्याचा परिणाम त्या अंतरातूनच येतो. शांत खोलीत ते अंतर छान वाटतं. लोकलमध्ये त्याचा खालचा अर्धा भाग खडखडाटात बुडतो.

दुसरं कारण आईमुळे लक्षात आलं. तिला हल्ली वाचायला त्रास होतो, म्हणून दुपारी मी तिला स्पीकरवर लावून देतो. ड्रामा सुरू असला की दर दोन मिनिटांनी ती विचारते, “आत्ता हा कोण बोलला?” अभिवाचनाला तिने हे कधी विचारलं नाही. ड्रामा करताना ‘तो म्हणाला’, ‘ती हसून म्हणाली’ हे सगळं काढून टाकतात, कारण ते आवाजावरून ओळखायचं असतं. शेजारी कुकर होत असला, किंवा माझ्यासारखं एका कानाने ऐकणं चाललं असलं, की आवाज एकमेकांत मिसळतात. कानाने ऐकणाऱ्याला ‘म्हणाला’ या एका क्रियापदाचा किती आधार असतो, हे ते गेल्यावर कळतं.

आता प्रकारागणिक बघू.

अद्भुतकथेत खरा प्रश्न नावांचा. छापील पुस्तकात नकाशा असतो, मागे वंशावळ असते, नाव डोळ्यांनी ओळखता येतं. कानाला यातलं काहीच नाही. चांगला निवेदक प्रत्येक पात्राला थोडी वेगळी पट्टी देतो, पण सगळ्यांना बांधणारा मूळ आवाज त्याचाच राहतो. रॉय डोट्रिस या ब्रिटिश नटाने ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ वाचताना 224 पात्रांना आवाज दिले आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. एवढी पात्रं एका गळ्यातून येऊ शकतात हे ऐकल्याशिवाय पटत नाही. आणि अद्भुतकथेला फुरसत लागते. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चं बीबीसीने 1981 साली केलेलं रेडिओ रूप नावाजलेलं आहे आणि ते योग्यच आहे, पण ते अर्ध्या अर्ध्या तासाचे 26 भाग, म्हणजे 13 तास. तीच कादंबरी सलग वाचली तर पन्नास तासांच्या पुढे जाते. टॉम बॉम्बाडिल हे पात्र तर त्या रेडिओ रूपात नाहीच. कुणाला ते आटोपशीर वाटेल. मला वाटेतल्या गाण्यांसकट, जेवणांसकट सगळा प्रवास हवा असतो. माझा रोजचा रस्ता लांब आहे, गोष्टही लांब असली तर बिघडत नाही.

मात्र एक सावधगिरी. मराठी अनुवाद ऐकणार असाल तर निवेदक परकी नावं कशी उच्चारतो ते आधी ऐका. एकच नाव पहिल्या प्रकरणात एका तऱ्हेने आणि पाचव्यात दुसऱ्या तऱ्हेने आलं, तर कानाला ती दोन माणसं वाटतात.

विज्ञानकथेबद्दल माझं मत सर्वांत पक्कं आहे. त्यात कधी ना कधी काहीतरी समजावून सांगावं लागतं. कादंबरीत ते निवेदनात येतं, एखाद्या चांगल्या शिक्षकाने फळ्यापाशी उभं राहून सांगावं तसं. जयंत नारळीकरांच्या कथा मोठ्याने वाचून बघा, त्या बोलल्यासारख्याच लिहिल्या आहेत. ड्रामात निवेदक नसला की हीच माहिती पात्रांच्या तोंडी कोंबावी लागते आणि दोन शास्त्रज्ञ एकमेकांना आधीच ठाऊक असलेल्या गोष्टी सांगत बसतात. ते ऐकताना मी गोष्टीतून बाहेर येतो.

आवाजाचे प्रयोग करूच नयेत असं मात्र मी म्हणणार नाही. ‘प्रोजेक्ट हेल मेरी’चं रे पोर्टरने केलेलं अभिवाचन घ्या, ज्याला 2022 साली ऑडी पुरस्कारांत वर्षातल्या सर्वोत्कृष्ट ऑडिओबुकाचा मान मिळाला. त्यातल्या एका पात्राची भाषाच सुरांची आहे. तिथे खरोखर सूर वाजतात, त्यावर पोर्टरचं वाचन येतं आणि थोड्याच वेळात तुम्हाला त्या सुरांतला आनंद, भीती ओळखू यायला लागते. कागदावर हे शक्य नव्हतं. निवेदक एकच, आणि लागेल तिथेच सूर. तुर्भ्याला उतरल्यावर त्या पात्रासाठी मी फलाटावरच्या बाकावर दहा मिनिटं बसून राहिलो आहे.

विनोदाचा तराजू थोडा वेगळा आहे आणि इथे ड्रामाची बाजू मला मान्य करावी लागते. ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलेक्सी’ मार्च 1978 मध्ये बीबीसी रेडिओवर मालिका म्हणून आधी आलं, कादंबरी 1979 मध्ये. तिथे नाट्य हेच मूळ रूप आहे, आणि ते तसं ऐकलेलं बरं.

पण आपला मराठी कान एकट्या माणसाच्या विनोदावर घडलेला आहे. पु. ल. देशपांड्यांची अख्खी चाळ एका माणसाच्या गळ्यात होती. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाला गर्दी व्हायची, ती एका खुर्चीतून येणारा आवाज ऐकायला. त्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये एक गोष्ट ऐका. वाक्य पडतं, हशा उसळतो आणि बोलणारा थांबतो. हशा पुरता ओसरायच्या जरा आधी, अगदी नेमक्या क्षणी, पुढचा शब्द येतो. विनोदाचा जीव त्या थांबण्यात आहे. स्टुडिओत समोर माणसं नसतात, म्हणून निवेदकाला तो थांबा स्वतःच्या आत मोजावा लागतो. ज्यांना जमतो त्यांना मनापासून दाद द्यावी. विनोदी ऑडिओ ड्रामात मात्र तो थांबा एखाद्या ‘टॉइंग’ आवाजाने भरून टाकायची सवय फार वाढली आहे. हसायची जागा कुणी बोट दाखवून सांगितली की माझं हसू तिथेच विरतं.

दोन्हींच्या मधली एक वाटही आहे. टेरी प्रॅचेटच्या ‘डिस्कवर्ल्ड’ पुस्तकांत तळटीपा फार, आणि अर्धी गंमत त्यांच्यातच. 2022 पासून आलेल्या नव्या रेकॉर्डिंगमध्ये मुख्य वाचन एका निवेदकाचं आहे, तळटीपा मात्र बिल नाय या नटाच्या आवाजात येतात. आवाज बदलला की कळतं, आपण पानाच्या तळाशी आलो. कुणी पुस्तक नीट वाचून मग केलेलं हे काम आहे, आणि असं काम मराठीत व्हावं ही माझी मनापासून इच्छा आहे.

मित्र म्हणतात, बाहेरचा आवाज गाळणारे चांगले इअरबड्स घे, तक्रार मिटेल. काही अंशी मिटते. पण मग घोषणाही गळते, आणि आयत्या वेळी फलाट बदलला की धावपळ होते. दोन्ही कान बंद करून रूळ ओलांडणारी माणसं मी पाहिली आहेत. ते मला नको. एका कानाने ऐकताना ड्रामाचं आणखी एक गैरसोयीचं असतं: काही पात्रं डाव्या बाजूला, काही उजव्या बाजूला ठेवलेली असतात आणि अर्धं संभाषण न लावलेल्या कानात जातं. फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ सुरू केलं की हे सुटतं. नगाऱ्याचं काही सुटत नाही.

वेगाचंही बोलतो. अभिवाचन मी सव्वापट वेगाने ऐकतो आणि शब्द स्पष्ट राहतात. ड्रामा तेवढ्या वेगाने लावला की संगीत घाईला आल्यासारखं होतं आणि रडणारं पात्र रडल्यासारखं वाटत नाही.

तरीही ड्रामा मी सोडलेला नाही. रविवारी दुपारी, पंखा एकवर ठेवून, आई आणि मी दोन पात्रांचं एखादं छोटं नाटक ऐकतो. तिथे पाऊस पावसासारखा ऐकू येतो. घरी, निवांत, कुणाच्या तरी सोबतीने ऐकणार असाल तर ड्रामा जरूर घ्या, विशेषतः छोटा आणि मोजक्या पात्रांचा.

तुमचं ऐकणं माझ्यासारखं बसमध्ये, गाडीत, भाजी निवडताना होणार असेल, तर माझा कौल एका आवाजाच्या बाजूने आहे. पैसे भरण्याआधी मोफत नमुना घरी ऐकू नका, घरी सगळंच चांगलं वाटतं. तो फोनमध्ये उतरवून घ्या आणि ऐरोली ते घणसोलीच्या दरम्यान, दाराजवळ उभं राहून, एकाच कानाला लावून ऐका. पहिली पाच मिनिटं आवाजाच्या बटणाला हात लागला नाही, तर ते पुस्तक घ्या.