कीनो गेमच्या नादात भावाचा कापसाचा चुकारा गेला, गावातल्या पोरायले सांगा

यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहितोय. आमच्या लहान्या भावाचे 42 हजार गेले, कापसाच्या चुकाऱ्याचे, आणि आजूबाजूच्या गावातली पोट्टी अजून त्याच नादात आहेत म्हणून सगळं लिहितोय.

टेलिग्रामवर कोणीतरी ॲपची लिंक टाकली. गेम दिसायला एकदम सोपा, स्क्रीनवर 1 ते 80 नंबरचे डबे, त्यातले 1 ते 10 नंबर आपण निवडायचे, मग 20 गोळे एकामागून एक पडतात, जेवढे जुळले त्याप्रमाणे पैसे. ग्रुपवाला रोज "हॉट नंबर" पाठवायचा आणि भाऊ ते वहीत उतरवून घ्यायचा, मटकेवाले चार्ट ठेवतात तसं. "दादा, 17 नंबर कालपासून आलाच नाही, आता येतेच पाय," म्हणे. अरे बापा, दर ड्रॉले 80 चे 80 गोळे परत आत असतात, गोळ्याले कालचं काय माहीत!

आता हिशोब बघा, आणि हा खऱ्या कॅसिनोचा आहे जिथं काहीच चलाखी नाही. एक नंबर लावला तर लागायचा चान्स चारात एक, आणि लागला तर साधारण तिप्पट देतात. म्हणजे 100 रुपये चारदा लावले, 400 गेले, सरासरीनं एकदा लागून 300 आले, शंभर तिथंच संपले. वरली मटक्यात दहा आकड्यांत एक लागतो आणि रुपयाला 9 देतात, म्हणजे रुपयामागं 10 पैसे कापतात, इथं 25. ज्या मटक्यापायी घरं बसली त्याच्यापेक्षाही हे वाईट! 10 नंबर लावले तर सरासरी अडीचच जुळतात, दहाच्या दहा जुळायचा चान्स 89 लाखांत एक, आणि 89 लाखपट कोणी देत नाही.

आणि ॲपवर तर गोळेच नसतात, नुसतं चित्र. मालकाले पाहिजे ते पडते.

सुरुवातीला भावाले 500 चे 900 मिळाले, खात्यात आले पण, तिथंच विश्वास बसला. मग हळूहळू 24 हजार टाकले, वॉलेटमध्ये 60 हजार दिसायला लागले, काढायला गेला तर "आधी 30 टक्के टॅक्स भरा". 18 हजार भरले. मग व्हेरिफिकेशन फी मागितली, तेव्हा तो माझ्याकडं पैसे मागायला आला आणि मले कळलं. टॅक्स असा कोणी भरायला लावत नाही, गेममध्ये जिंकलेल्यावरचा टीडीएस कंपनी कापून उरलेले देते. यूपीआयवर पण दरवेळी वेगळ्याच माणसाचं नाव यायचं. आणि पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर केंद्रानं 2025 मध्ये बंदीचा कायदाच केला आहे.

असं झालं तर लगेच 1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन लावा, जेवढं लवकर तेवढे पैसे बँकेत अडकवता येतात. यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक) आणि चॅटचे स्क्रीनशॉट ठेवा, रागात ग्रुप डिलीट करू नका. भावानं लाजेपायी उशीर केला, त्यामुळं थोडीच रक्कम होल्ड झाली.

आता तेच लोक पोरायले म्हणतात, तुमचं बँक खातं वापरायले द्या, कमिशन देतो. देऊ नका. दुसऱ्याच्या भावाचे पैसे त्याच खात्यात पडतात, आणि पोलीस आधी खातेदाराच्या घरी येतात.