रविवारी एकदाच दणकून की रोज थोडं-थोडं? कोल्हापुरात राहून डाएट करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात डाएट सुरू केलं की पहिला प्रश्न मिसळीचं काय आणि दुसरा मटणाचं काय. बाकी भाकरी, पालेभाजी, झुणका, दही-कांदा हे आपल्या घरात असतंच, त्यात फार बदलायचं नसतं. अडतं ते इथं की चार्टमध्ये तांबडा-पांढरा कुठंच लिहिलेला नसतो, आणि इकडं आठवड्याला कुणाचं तरी बारसं, कुणाची तरी म्हाई म्हणजे देवाच्या नावानं मटणाचं जेवण, नाहीतर "चल की बावड्याला मिसळ खाऊन येऊ" म्हणणारा एखादा दोस्त असतोच.

पूर्ण बंद करायचा पर्याय मी एका ओळीत निकालात काढतो. ज्याला जमतंय त्यानं खुशाल करावं, पण बहुतेकांचं होतं असं की महिनाभर दात-ओठ खाऊन काढायचा आणि मग एखाद्या लग्नात "आता मोडलंच आहे तर मोडू दे" म्हणून चार माणसांचं एकट्यानं जेवायचं. म्हणून खरी निवड दोनातलीच. एक म्हणजे आठवडाभर साधं खाऊन रविवारी मोकळं सोडायचं. दुसरी म्हणजे रोज आवडीचं काहीतरी थोडं खायचं आणि कुठलाच दिवस स्पेशल ठेवायचा नाही.

आधी कागदावरचा हिशोब बघू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये जे नवीन मार्गदर्शन दिलं त्यात 2000 कॅलरीच्या दिवसाच्या ताटात साधारण 250 ग्रॅम धान्य, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं, 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळं, 300 मिली दूध आणि 27 ग्रॅम तेल-तूप बसवलंय. 27 ग्रॅम म्हणजे मोठे दोन चमचे फक्त. मोठ्या चमचाभर तेलात सुमारे 120 कॅलरी असतात, आता मिसळीच्या वाटीवर जो लाल तवंग असतो तो डोळ्यासमोर आणा, दिवसाचा तेलाचा कोटा सकाळी नऊलाच खलास होतो हे सांगायला डॉक्टर लागत नाही. तरी गणितानं बघितलं तर दोन्ही पद्धती सारख्याच आहेत. रोज 200 कॅलरी जास्त म्हणजे आठवड्याला 1400, आणि रविवारी एका जेवणात 1400 जास्त म्हणजे पण 1400च. म्हणून कुठली पद्धत चांगली हे गणित सांगत नाही, तुमचा हात कुठं थांबतो त्यावर ते ठरतं.

आता रविवारवाल्यांची गोची बघा. "चीट मील" चा "चीट डे" कधी होतो कळतच नाही. सकाळी उद्यमनगरात नाहीतर खासबागेत मिसळ, घरी येऊन दुपारी अर्धा किलो मटण, त्याच्यावर झोप, संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला म्हणून जायचं आणि फिरायच्या आधी भेळ, परत येताना कॉकटेल आईस्क्रीम. यातलं एकेक वेगळ्या दिवशी खाल्लं असतं तर पचलंही असतं आणि हिशोबातही बसलं असतं, पण सगळं एका दिवसात आलं की सोमवार ते शनिवार जे साठवलं ते सगळं एका दमात खर्च होतं. जास्तीची कॅलरी चालून जाळीन म्हणाल तर साधारण 65-70 किलोच्या माणसाला तासभर झपझप चालल्यावर 250-300 कॅलरी जातात, म्हणजे रंकाळ्याला फेऱ्या मारता मारता रात्रीचे बारा वाजतील.

त्यामुळं रविवारची पद्धत घ्यायची असेल तर दिवस मोकळा सोडायचा नाही, एक जेवण मोकळं सोडायचं. मिसळ किंवा मटण. दोन्ही नाही. ज्या रविवारी मिसळ त्या रविवारी दुपारी घरची आमटी-भात, ज्या रविवारी मटण त्या रविवारी सकाळी पोहे किंवा उपीट एक प्लेट आणि बास.

रोज थोडं खाणाऱ्यांची गोची वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त फसवी आहे. ते "थोडं" मोजलं जातच नाही. घरात फरसाणाचा डबा असतो. टीव्ही बघताना झाकण उघडलं, मूठभर घेतलं, झाकण लावलं, परत पाच मिनिटांनी उघडलं. 30 ग्रॅम शेव-फरसाण म्हणजे एक बऱ्यापैकी मूठ, त्यात 150 च्या वर कॅलरी असतात, आणि दिवसात तीन मुठी कुणाच्याही पोटात जातात, वर माणूस शपथेवर सांगतो की मी आज काहीच खाल्लं नाही. मिसळीचं निदान तसं नसतं. प्लेट समोर येते, त्यात मटकी, वर फरसाण, कांदा-कोथिंबीर, बाजूला कटाची वाटी, ब्रेडचे स्लाइस, सगळं डोळ्याला दिसतं, घाम पुसत खाल्लं जातं आणि संपतं. खाल्ल्याचं समाधान असतं. डब्यातल्या मुठीला ना समाधान ना हिशोब.

आणि चहा! याच्यावर कुणीच बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर 5 टक्क्यांच्या आत, म्हणजे साधारण 25 ग्रॅम, छोटे सहा चमचे. आपल्याकडं दोन चमचे साखरेचे चार चहा झाले की आठ चमचे होतात, त्यात एकही बिस्किट धरलेलं नाही. म्हणजे जो माणूस "मी रोज थोडं गोड खाणार" ही पद्धत निवडायचा विचार करतोय त्यानं ती आधीच निवडलेली असते, फक्त कपातून. त्यानं आधी चहातली साखर अर्धी करावी, मग जेवणानंतरच्या पेढ्याबद्दल बोलू. गुळाचा चहा घेतो म्हणणाऱ्यांनी पण वाईच थांबावं. कोल्हापुरी गुळाला जीआय मानांकन आहे, चवीला तोड नाही, पण शरीराच्या दृष्टीनं ती साखरच आहे, 100 ग्रॅमला साखरेपेक्षा किरकोळ कमी कॅलरी. गूळ चवीसाठी खा, औषध म्हणून नको.

मग कुणी काय निवडायचं?

स्वतःला ओळखा एवढंच सांगून चालत नाही, म्हणून मी एक चाचणी सांगतो. घरात आवडीची बर्फी आणून ठेवा आणि बघा ती किती दिवस टिकते. एक तुकडा खाऊन झाकण लावून आठवडाभर पुरवणारी माणसं असतात, आमच्या गल्लीत पण आहेत, त्यांनी रोज थोडं खावं, त्यांना कसलाच त्रास नाही. बाकीच्या जनतेनं, म्हणजे ज्यांची बर्फी दुसऱ्या दिवशी सकाळी दिसत नाही, त्यांनी आवडीचं घरात आणूच नये आणि बाहेर जाऊन, बसून, ठरवून आठवड्यातून एकदा खावं. कोल्हापुरात माझ्या मते ही दुसरी जनता जास्त आहे आणि मी त्यातलाच, त्यामुळं माझं मत रविवारच्या बाजूचं आहे हे आधीच सांगून ठेवतो.

पण शुगर असेल तर हे मत उलटं करा. डायबेटिसवाल्याला आठवडाभर साधं खाऊन एका बैठकीत मटण, भात, वर बासुंदी हे परवडत नाही, एकदम चढलेली साखर तासन्‌तास खाली येत नाही. HbA1c या रक्ताच्या तपासणीत साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी दिसते, त्यामुळं रविवारचा धिंगाणा त्या आकड्यात लपून जातो आणि माणूस म्हणतो रिपोर्ट चांगला आहे की. त्यांनी थोडं आणि जेवणासोबतच खावं, आधी कोशिंबीर, उसळ किंवा मटणाचे तुकडे आणि मग भात-भाकरी, कारण भाजी-प्रोटीन आधी पोटात गेलं की साखर हळू चढते, आणि जेवल्यावर लोळण्यापेक्षा दहा-पंधरा मिनिटं गल्लीतच चालावं, त्याचाही फरक पडतो. इन्सुलिन किंवा गोळ्या चालू असतील तर जेवण पुढं-मागं करायच्या आधी डॉक्टरांना विचारा. पित्ताशयात खडे असणारे आणि ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली चरबी वाढलेले यांनी पण दणक्याच्या नादाला लागू नये, एका वेळचं तेलकट जेवण त्यांना थेट दवाखान्यात नेऊ शकतं.

बीपीवाल्यांचं परत तिसरंच. दिवसाचं मीठ 5 ग्रॅमच्या आत, छोटा एक चमचा, हा सल्ला आहे, आणि रोज पापड-लोणचं-फरसाण-खर्डा चालू असेल तर ते कधीच जमत नाही. त्यांना रोजचं थोडं-थोडं जास्त महागात पडतं.

मटणाबद्दल जरा सविस्तर, कारण इथं तोच खरा मुद्दा आहे. मटण स्वतः काही शत्रू नाही, प्रोटीन भरपूर, लोह भरपूर. जागतिक कर्करोग संशोधन निधीचा सल्ला असा की लाल मांस आठवड्याला शिजवलेलं 350 ते 500 ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका. बुधवार, शुक्रवार, रविवार असा तीन वाराचा रतीब असेल तर ते सहज ओलांडतं, एकच वार ठेवला तर आरामात आत बसतं. घात करतो तो रस्सा, कारण तो पातळ असतो म्हणून कुणी मोजत नाही. पांढऱ्यात नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ, तांबड्यात खोबरं आणि वर तेल, आणि वाढपी "अजून घ्या की" म्हणत फिरत असतो. वाट्यांचा आकडा जेवायला बसायच्या आधी ठरवा, एक तांबडा एक पांढरा, जास्तीत जास्त अजून एक. अळणी पाणी, म्हणजे मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी, आधी प्यायला मिळालं तर घ्या, त्यानं पोटाला जरा आधार होतो. मिसळीला पण हेच, मटकी जास्त मागा, फरसाण कमी, कट बाजूला ठेवून चमच्यानं घ्या, आणि एक्स्ट्रा ब्रेड मागायच्या आधी दोन मिनिटं पाणी पिऊन बसा. कट कमी घातला तर मिसळ कसली असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांनी फरसाण तरी सोडावं.

"आमचे आजोबा रोज एवढं खायचे, काय झालं त्यांना?" हा प्रश्न येणारच. आजोबा दिवसभर रानात होते. तालमीतल्या पैलवानाचं ताट बघून आपलं ताट लावायचं नसतं, तो बदाम-थंडाई पितो आणि जोर-बैठका पण मारतो. गंगावेशीत जाऊन म्हशीचं ताजं दूध पिणं ही आपल्याकडची हौस आहे, पण म्हशीच्या दुधात 6-7 टक्के फॅट असतं, 300 मिलीचा ग्लास म्हणजे 300 कॅलरीच्या आसपास. त्या दिवशी दूध-दही दुसरं काही नको. आणि शक्यतो उकळलेलं प्या, कच्च्या दुधातून आजार येतात.

सोमवारचं पण सांगतो. रविवारी खाल्लं की सोमवारी काटा किलोभर जास्त दाखवतो आणि लोक घाबरतात. ते बहुतेक पाणी असतं, मीठ आणि भात-भाकरीनं शरीरात धरलेलं, दोन-तीन दिवसात जातं. एक किलो खरी चरबी चढायला सुमारे 7700 कॅलरी जास्त लागतात, तेवढं एका दिवसात कोल्हापूरकराला पण अवघड आहे. म्हणून सोमवारी भरपाईचा उपवास करू नका, आणि तो उपवास साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याचे लाडू आणि बटाट्याच्या चिवड्यावर तर अजिबात नको. नेहमीची भाकरी-भाजी खा. वजन बुधवारी-गुरुवारी बघा.

आपल्या कॅलेंडरचा पण फायदा घ्या. आषाढात टेंबलाईची यात्रा, घरोघरी जेवणं, मग गटारी, आणि लगेच श्रावण. त्या आषाढात रविवारचा नियम पाळायचा प्रयत्नच करू नका, आमंत्रणं मोजा, त्यातली दोन-तीन निवडा आणि बाकी ठिकाणी जाऊन फक्त भाकरी आणि थोडा रस्सा घ्या. श्रावणात मटण आपोआप बंद होतं, फक्त त्याची जागा तळणानं आणि पुरणपोळीवर सोडलेल्या तुपानं घेऊ नये एवढं बघा. दिवाळीत मात्र रविवारवाल्यांची पद्धत कोलमडते कारण फराळ घरातच असतो आणि बाहेर ठेवता येत नाही. तेव्हा पंधरा दिवसांपुरतं रोज थोडंवाल्यांचं ऐका, सकाळी एकदा छोट्या डिशमध्ये चकली, चिवडा, अर्धा लाडू असं काढून घ्यायचं आणि डबा कपाटाच्या वरच्या फळीवर.

कोल्ड्रिंक दोन्हीकडं नको. 250 मिलीच्या एका बाटलीत दिवसाची सगळी साखर संपते, आणि मटणाबरोबर प्यायला सोलकढी असताना त्याची गरज काय हे मला अजून कळलेलं नाही.

कुठलीही पद्धत धरा, दोन-तीन महिने तीच चालवा, दर आठवड्याला बदलू नका, आणि वजनाबरोबर कमरेचं माप घ्या. तेवढ्यात कंबर हलली नाही तर पद्धत बदलायच्या आधी एक आठवडा चहाची साखर, डब्यातल्या मुठी आणि रश्श्याच्या वाट्या वहीत लिहून बघा, दहात आठ वेळा गळती तिथंच सापडते. आणि खाल्ल्यावर स्वतःची लाज वाटणं, लपून खाणं, खाऊन झाल्यावर मुद्दाम उलटी काढणं असं काही होत असेल तर ही दोन्हीतली एकही पद्धत तुमच्यासाठी नाही, आधी डॉक्टरांशी बोला, डाएट नंतर बघता येईल.