अडकलेले ऑइल चेंबर सोडवणारी पाती: पत्र्याच्या चेंबरसाठी घ्यावी, ॲल्युमिनियमला लावू नये

सगळे बोल्ट काढून झाले तरी इंजिनाखालचे तेलाचे चेंबर जागचे हलत नाही, हा अनुभव गाडीची कामे घरीच करणाऱ्या बहुतेकांना केव्हा ना केव्हा येतोच. पूर्वीच्या अनेक गाड्यांच्या चेंबरला कॉर्कचे पॅकिंग असे आणि ते फारसे आढेवेढे न घेता सुटे. आता पुष्कळ गाड्यांत कारखान्यातच सिलिकॉन लावून चेंबर बसवलेले असते आणि ते दोन्ही पृष्ठभागांना असे धरून बसते की चेंबर इंजिनाचाच भाग वाटावा. हा जोड कापण्यासाठी मिळणारी पोलादी पाती मी जळगावला अजिंठा चौफुलीजवळच्या एका सुट्या भागांच्या दुकानातून साडेचारशे रुपयांना घेतली.

खान्देशात हे काम निघण्याचे एक ठरलेले कारण आहे. यावल-रावेर पट्ट्यातील केळीच्या बागांकडे जाणारे रस्ते काळ्या मातीचे असून, पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या उन्हाळ्यात दगडासारख्या कडक होतात आणि मधल्या उंचवट्यावर बुटक्या गाडीचे चेंबर घासते. आमच्या हॅचबॅकचे चेंबर असेच चेपले होते. थेंबभरही गळती नसली, तरी चेंबरचा तळ आत दबला की तेल ओढणाऱ्या जाळीखालची जागा कमी होते आणि इंजिनाला तेलाचा पुरवठा अपुरा पडू शकतो, म्हणून चेपलेले चेंबर ‘चालतंय तोवर चालू द्या’ म्हणून सोडून देणे मला योग्य वाटत नाही.

पाती साधारण दोन बोटे रुंद, पातळ आणि कडक आहे. तिला पुढच्या टोकाला व दोन्ही बाजूंना धार असून, मागे हातोडीचा घाव घेण्यासाठी जाड मान दिलेली आहे. नवी असताना धारेवर रंगाचा थर होता आणि एका बाजूला खडबडीत कूस उरली होती, जी मी पॉलिश पेपरने घासून काढली. कूस तशीच राहिली असती, तर इंजिनाच्या बैठकीवर, म्हणजे चेंबर जिथे टेकते त्या सपाट पृष्ठभागावर, ओरखडा पडला असता. निर्मात्याने एवढीशी काळजी घ्यायला हवी होती, आणि वापराची साधी चिठ्ठीही सोबत न देणे हा तर मी मोठाच दोष मानतो, कारण ही वस्तू उलट्या पद्धतीने वापरली तर फायद्याऐवजी तोटाच होतो.

पाती हातात घेण्यापूर्वी गाडी पक्क्या स्टँडवर उभी आहे, नुसत्या जॅकवर नाही, याची खात्री करावी आणि बोल्ट पुन्हा मोजावेत. गिअरबॉक्सच्या बाजूचा एखादा बोल्ट खोलगट जागेत, तेलाच्या मळाखाली दडलेला असतो आणि तो राहिला असेल तर कितीही ठोकले तरी चेंबर सुटत नाही, फक्त वाकते. सर्व बोल्ट निघाल्याची खात्री पटल्यावर प्रथम रबरी हातोडीने चेंबरच्या कोपऱ्यांवर सगळीकडून ठोकून पाहावे; पुष्कळदा एवढ्यानेच जोड सैल होतो.

आमचे चेंबर तेवढ्याने सुटले नाही. मग एका कोपऱ्याजवळ पाती जोडात सरळ धरून, हलक्या घावांनी फक्त काठाच्या रुंदीइतकी आत घातली आणि त्यानंतर तिच्या मानेवर बाजूने घाव घालत ती काठाकाठाने पुढे सरकवली. सिलिकॉन चिरले जाताना ठोक्याचा आवाज बदलतो, घट्ट टणत्काराऐवजी बसका येतो, आणि पाती बोटभर पुढे गेलेली दिसते. हे कापण्याचे हत्यार आहे, उचकटण्याचे नाही. पाती आत घालून खाली दाबली की पत्र्याचा काठ वाकतो आणि वाकलेला काठ सरळ केल्याशिवाय कितीही सिलिकॉन लावले तरी तेल पाझरतच राहते. स्क्रू ड्रायव्हर किंवा पटाशी वापरणाऱ्यांच्या चेंबरचे हेच होते. पाती कुठे अचानक अडली, तर आत बैठकीची पिन असू शकते. तिथे जोर न करता दुसऱ्या बाजूने यावे. टायमिंग कव्हर (टायमिंग चेनवरचे झाकण) आणि ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) जिथे मिळतात, त्या सांध्यात मात्र पाती घालूच नये.

दुकानदाराने पैसे घेण्याआधी विचारले, “भाऊ, चेंबर पत्र्याचं आहे का ॲल्युमिनियमचं?” विक्रेत्याने असा प्रश्न विचारावा, याचे मला मनापासून कौतुक वाटले. ॲल्युमिनियम मऊ असल्याने पोलादी धार त्याच्या बैठकीत सहज खाच पाडते. अशा चेंबरला उचकटण्यासाठी कंपनीने ठेवलेल्या ठरावीक जागा असतात आणि त्याच वापराव्यात. काही गाड्यांत वरचा भाग ॲल्युमिनियमचा व खालचा पत्र्याचा असतो, तेव्हा पातीचा कल खाली, पत्र्याकडे ठेवणे भाग आहे. शंका असल्यास चुंबक लावून पाहावे.

त्याच दुकानात थोडी स्वस्त पण जाड पातीही होती. ती घेऊ नये, कारण जाड धार सिलिकॉन कापण्याऐवजी जोड फाकवते.

जुने सिलिकॉन खरवडताना त्याचे तुकडे आत पडू देऊ नयेत, ते तेलाच्या जाळीत अडकतात. मशीनवरची घासण्याची चकतीही टाळावी, तिची बारीक भुकटी बेअरिंगपर्यंत पोहोचते. नवे सिलिकॉन लावल्यावर जळगावच्या मे महिन्यातील कडक उन्हामुळे ते तासाभरात पक्के होईल, असे धरून चालू नये. ते हवेतील ओलाव्याने घट्ट होते आणि आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असते. ट्यूबवर दिलेला वेळ, बहुधा 24 तास, पूर्ण जाऊ द्यावा आणि त्यानंतरच तेल भरावे.