ऐसपैस स्वीडिश ड्रेस: एम, एक्सएस की एस?

गेल्या उन्हाळ्यात निळसर करड्या लिननचा एकच ड्रेस मी एका स्वीडिश ऑनलाइन दुकानातून तीन मापांत मागवून घालून पाहिला: आधी एम, मग एक्सएस आणि शेवटी एस. ड्रेस अतिशय चांगला आहे. कापड घट्ट विणीचे आहे, शिवणी आतूनही स्वच्छ आहेत, आणि गळ्याची पट्टी अनेक धुलायांनंतरही सरळ बसते. मात्र योग्य माप हाती लागेपर्यंत पाच आठवडे गेले, आणि दोनदा परत पाठवण्याचा टपालखर्च मला सोसावा लागला. नऊ वर्षांपासून मी स्वीडनमधल्या गोथेनबर्गमध्ये राहते, माझी उंची 156 सेंटिमीटर आहे, छातीचे माप 92 आणि सीटचे (नितंबांचे) 100. या आकड्यांच्या जवळपास असलेल्या कोणाला असा सैल कपडा घ्यायचा असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडावा म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

दुकानाच्या तक्त्यात 92 सेंटिमीटर छाती एमच्या रकान्यात होती, म्हणून मी निःशंकपणे एम मागवला. आला तेव्हा खांद्याची शिवण दंडाच्या मध्यावर, गळा एका बाजूला ओघळलेला आणि मुंढा (बाही जोडतात ती काखेची गोलाई) जवळजवळ कमरेपर्यंत उतरलेला. ड्रेस पलंगावर सपाट पसरून काखेखाली मोजला, तर रुंदी 61 सेंटिमीटर भरली, म्हणजे घेर 122. माझ्या शरीरापेक्षा तो पूर्ण 30 सेंटिमीटर, जवळपास बारा इंच, जास्त होता. आपल्याकडचे शिंपी कुर्त्याला तीन-चार इंच लूज धरतात, आणि माझ्या डोळ्यांना तेवढ्याचीच सवय होती. तक्ता खोटा नव्हता, पण त्यातले आकडे शरीराचे होते. कपड्यात किती सैलपणा आधीच शिवलेला आहे, हे तो सांगत नव्हता.

या कपड्यांची जातकुळी समजून घेतली की हे कोडे सुटते. फिनलंडच्या मारिमेक्को या कापड आणि कपड्यांच्या कंपनीने (स्थापना 1951) 1956 मध्ये आणलेला, वुओक्को नुर्मेस्निएमी यांनी रचलेला पट्ट्यांचा योकापोइका शर्ट घ्या, किंवा स्टॉकहोममध्ये 1976 पासून चालत आलेल्या गुडरुन शोडेन या डिझायनरच्या दुकानाचे रंगीत ट्यूनिक (कुर्त्यासारखा सैल वरचा कपडा) घ्या. अशा कपड्यांत काप बहुतांशी सरळ असतो, टक्स (शरीराच्या आकारासाठी घातलेल्या शिवलेल्या चुण्या) घालून कापड शरीराला चिकटवण्याचा खटाटोप नसतो, आणि त्यामुळे छापाची नक्षीही मध्येच तुटत नाही. शिवाय वर्षातले बरेच महिने आत लोकरीचा एखादा थर घालावा लागतो, त्यासाठीही जागा हवी असते. अशा कपड्यात छातीचे माप जवळजवळ निरर्थक ठरते, कारण तिथे तो कोणालाही होतो. कपडा बसतो तो गळ्यावर आणि खांद्यांवर, आणि तिथून खाली मोकळा पडतो. मराठीत यासाठी दोन शब्द आहेत, आणि त्यांच्यातला फरक मला या ड्रेसमुळे नीट कळला: खांद्यावर बसून खाली मोकळा राहतो तो ऐसपैस, आणि कुठेच बसत नाही तो ढगळ. माझा एम ढगळ होता.

घाबरून दोन मापे खाली जाणे ही माझी दुसरी चूक. एक्सएसचा खांदा सुरेख बसला, गळा जागच्या जागी राहिला, आणि आरशासमोर उभी असताना मला वाटले की प्रश्न मिटला. पण हा ड्रेस छातीपासून खाली निमुळता होत जातो, त्यामुळे सीटपाशी त्याचा घेर 103 सेंटिमीटरच होता. बसल्यावर शरीर पसरते. ट्रॅममध्ये बसले असते तर बाजूच्या शिवणी ताणल्या गेल्या असत्या, हे घरच्या खुर्चीवरच लक्षात आले. म्हणून सैल कपडा विकत घेताना तो घालून बसून पाहावे, हात वर करून पाहावे आणि शक्य असल्यास आत स्वेटर घालूनही पाहावे, असा माझा आग्रह आहे.

शेवटी मला वाट दाखवली ती आपल्या जुन्या पद्धतीने. शिंप्याकडे जाताना आपण मापाचा ब्लाउज नेतो. तो छान बसतो एवढे पुरते. मी माझा सर्वांत आवडता सुती कुर्ता सपाट पसरला आणि त्याची काखेखालची रुंदी, मुंढ्याची खोली, सीटपाशी रुंदी आणि मागच्या गळ्यापासूनची उंची लिहून काढली. खांद्याची शिवण मुळातच दंडावर उतरवलेली असेल, तर खांदा आणि बाही वेगवेगळी मोजून उपयोग नसतो. मानेच्या मागच्या मध्यापासून मनगटापर्यंत सलग मोजावे लागते. हे आकडे दुकानाच्या ग्राहकसेवेला पाठवून मी तयार ड्रेसची मापे विचारली. दुसऱ्याच दिवशी तिन्ही मापांचे आकडे आले, आणि तेही प्रत्यक्ष ड्रेस मोजून. या सेवेला मी पूर्ण गुण देते. हेच आकडे मुळात पानावर दिले असते, तर दोन पार्सले वाचली असती, हेही तितकेच स्पष्टपणे सांगते. एसचा घेर 114 होता, आणि तोच माझा ड्रेस ठरला.

भारतातून नुकत्याच आलेल्या मैत्रिणींसाठी एक इशारा द्यायलाच हवा. आपल्याकडच्या तयार कुर्त्यावरचा 38 हा आकडा इंचांचा असतो, तर स्वीडन, डेन्मार्क किंवा जर्मनीतला 38 हा नुसता क्रमांक असून तो साधारण 88 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेचौतीस इंच छातीसाठी असतो. तोच जर्मन 38 फ्रान्समध्ये 40 आणि इटलीत 44 होतो. आकडा सारखा दिसला म्हणून तो मागवू नये.

उंचीचा प्रश्न मात्र माप बदलून सुटत नाही. युरोपातले तक्ते बहुधा उंच बांध्यावर बेतलेले असतात. शिवणकामाच्या नमुन्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या जर्मन बुर्डाचा नेहमीचा तक्ता 168 सेंटिमीटर उंचीसाठी आहे. माझ्यासारख्या 156 वालीला ड्रेस लांब होतो, तो खालून कापून घेता येतो. पण बाजूच्या शिवणीतले खिसे खाली सरकतात, ते वर आणता येत नाहीत. एममध्ये माझा हात खिशाच्या तळाशी पोहोचतच नव्हता. एसमध्ये कोपर किंचित वाकवून पोहोचतो, आणि तेवढे मला चालते. खिशाच्या तोंडाची उंची कोणतेही दुकान सांगत नाही, तेव्हा ती आवर्जून विचारावी.

कापडाचाही विचार करावा लागतो. आधी न धुतलेले लिनन पहिल्या धुलाईत तीन ते पाच टक्के आटू शकते. 110 सेंटिमीटर लांबीच्या ड्रेसमध्ये म्हणजे चार-पाच सेंटिमीटर. व्हिस्कोस जर्सीचे, म्हणजे टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या मऊ कापडाचे, उलटे असते, ती स्वतःच्या वजनाने खाली लोंबते, म्हणून तिथे दोन मापांमध्ये अडकल्यास मी लहान माप घेते. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी मिळाल्यापासून 14 दिवसांत रद्द करता येते, पण धुतलेला कपडा पूर्ण किमतीत परत जाण्याची आशा धरू नये. म्हणून कापड आधी धुतलेले आहे का, हा प्रश्न मागवण्यापूर्वीच विचारलेला बरा. माझा ड्रेस धुतलेल्या लिननचा असल्याने तो फारसा आटला नाही.

त्याच दुकानातून घेतलेली इलॅस्टिकची सैल पँट नेहमीच्या मापात नीट बसली. तिथे सीट आणि पायाची आतल्या बाजूची लांबी एवढेच पाहिले.

नाशिकच्या नणंदेला माझा ड्रेस इतका आवडला की तिच्यासाठीही एक मागवायचे ठरले. ती माझ्यापेक्षा उंच आणि खांद्याने रुंद आहे. या वेळी मी तिला छातीचे माप विचारलेच नाही. मापाचा कुर्ता पलंगावर पसरायला सांगितला आणि फोनवरच चारही आकडे लिहून घेतले. ते एमशी जुळले. पार्सल पोहोचल्यावर तिने फोटो पाठवला, त्यात तिचे दोन्ही हात खिशात होते.